संत गोन्सालो गार्सिया

शहापूर तालुक्यातील डोंगराळ मुलखातून तानसा नदी पश्चिमेकडे वाहत जाते. १८९२ साली तिच्यावर धरण बांधून झाले आणि तिचे पाणी मुंबईकरांची तहान भागवू लागले. धरणाच्या पुढे ही नदी वज्रेश्वरी व गणेशपुरी येथील उष्ण झऱ्यांजवळून वाहते आणि वसईच्या उत्तरेस खाडीला मिळून समुद्राला जाते. भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि मासेमारी करणाऱ्यांची गावे यांनी नटलेला हा वसईचा प्रदेश पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. याच भूमीत सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी एक बालक जन्मास आले. पुढे ते समुद्रापार दूरदेशी गेले आणि तेथे त्याने आपले प्राण वेचले. मरताना त्याच्या मनात आपल्या मारेकऱ्यांविषयी द्वेषाचा लवलेशही नव्हता. त्या पुरुषाचे नाव गोन्सालो गार्सिया.

गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमारास झाला. त्याचे वडील पोर्तुगीज होते व आई वसईकडचीच होती. त्या वेळी वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली तह करून वसई त्यांच्या स्वाधीन केली होती. पुढे दोनशे वर्षांनी, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी मोठ्या पराक्रमाने वसईचा किल्ला जिंकून घेतला. पण गोन्सालोच्या बालपणी त्या किल्ल्यात पोर्तुगिजांची वैभवशाली वसाहत होती. भव्य चर्चे, मठ आणि पाठशाळा तेथे उभ्या होत्या. येशूसंघाच्या धर्मगुरूंनी चालवलेल्या पाठशाळेत गोन्सालोचे शिक्षण झाले. फादर सेबास्तियन गोन्साल्विस या धर्मगुरूंचे त्याच्यावर पुत्रवत प्रेम होते. त्यांच्या सहवासात येशू ख्रिस्ताचे चरित्र व उपदेश त्याच्या मनावर खोल बिंबले.

येशूच्या उपदेशात एक शिकवण फार कठीण आहे. मित्रावर कोणीही प्रेम करील. त्यात विशेष ते काय? आपला द्वेष करणाऱ्यावर प्रेम करावे, आपला छळ करणाऱ्यासाठी देवाजवळ प्रार्थना करावी, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. त्याने हे केवळ सांगितलेच असे नाही. क्रूसावर प्राण सोडतानाही आपल्या मारेकऱ्यांना क्षमा करावी, अशी त्याने आपल्या स्वर्गीय पित्याला विनवणी केली. पाठशाळेत बसून ही शिकवण पाठ करणे सोपे होते. ती आचरणात आणण्याचा प्रसंग आपल्यावर येईल, असे त्या बाल गोन्सालोला तेव्हा कोठे ठाऊक होते?

गोन्सालो पंधरा वर्षांचा झाला, तेव्हा फादर सेबास्तियन जपानला जाण्यास निघाले. गोन्सालोही त्यांच्याबरोबर निघाला. तो काळ शिडाच्या जहाजांचा होता. पश्चिम किनाऱ्यावरून निघालेली जहाजे मलाक्का व मकाव ही बंदरे घेत, अनुकूल वाऱ्याची वाट पाहत, महिनोन् महिने प्रवास करून जपानला पोहोचत. वादळे, चाचे आणि रोगराई यांची भीती पदोपदी असे. अशा प्रवासाला तो कोवळा मुलगा न डगमगता सामोरा गेला. जपानला पोहोचल्यावर त्याने जपानी भाषा इतकी उत्तम आत्मसात केली, की तो तेथील लोकांत त्यांच्यापैकीच एक होऊन वावरू लागला. सुमारे आठ वर्षे त्याने तेथे धर्मशिक्षकाचे काम केले. लहानमोठ्यांशी मिळूनमिसळून वागण्याच्या त्याच्या स्वभावामुळे तो सर्वांना प्रिय झाला.

येशूसंघात प्रवेश मिळावा, ही गोन्सालोच्या मनातील सर्वांत मोठी आकांक्षा होती. ती सफल झाली नाही. इतकी वर्षे मनोभावे सेवा करूनही संघाचे दार आपल्याला उघडत नाही, हे पाहून त्याला किती दुःख झाले असेल! तथापि हे दुःख त्याने मनात कटुता म्हणून साठवून ठेवले नाही. त्याने जपान सोडले आणि तो व्यापारात पडला. कष्टाळू वृत्ती, भाषांचे ज्ञान आणि सचोटी यांच्या बळावर त्याचा व्यापार भरभराटीस आला. पूर्वेकडील अनेक बंदरांत त्याची ये-जा सुरू झाली. पैसा मिळाला, मान मिळाला; परंतु मन मात्र तृप्त होईना. व्यापाराच्या निमित्ताने फिलिपाइन्स बेटांवरील मनिला शहरी तो गेला असता तेथे त्याची संत फ्रान्सिसच्या पंथातील साधूंशी गाठ पडली. हे साधू स्वेच्छेने दारिद्र्य पत्करीत आणि गोरगरिबांची व रोग्यांची सेवा करीत. त्यांचे जीवन पाहून गोन्सालोला आपला मार्ग सापडला. जमवलेल्या धनाचा मोह सोडून त्याने साधूंचा जाडाभरडा झगा अंगावर चढवला. आता तो व्यापारी गोन्सालो राहिला नाही. सर्वजण त्यांना ब्रदर गोन्सालो म्हणून ओळखू लागले.

त्या काळी जपानमध्ये तोयोतोमी हिदेयोशी हा पुरुष सत्ताधीश होता. एका सामान्य घरातून वर येऊन त्याने आपसात झुंजणाऱ्या सरदारांना वठणीवर आणले होते आणि सारा देश एका सत्तेखाली आणला होता. परकीय धर्मगुरूंनी देश सोडून जावे, असा हुकूम त्याने १५८७ सालीच काढला होता. पण त्याची अंमलबजावणी कडकपणे होत नव्हती. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने हिदेयोशीकडे एक शिष्टमंडळ पाठवले. त्याचे प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता हे होते. त्यांना जपानी भाषा येत नव्हती. म्हणून दुभाषी या नात्याने ब्रदर गोन्सालो त्यांच्याबरोबर गेले. एकीकडे बलाढ्य सत्ताधीश आणि दुसरीकडे झगे घातलेले निर्धन साधू, अशी ती भेट होती. दोन्ही बाजूंचे बोलणे एकमेकांना समजावून सांगण्याची नाजूक जबाबदारी वसईच्या या सुपुत्रावर होती. ती त्यांनी उत्तम रीतीने पार पाडली. साधूंना क्योतो या राजधानीत राहण्याची परवानगी मिळाली. तेथे त्यांनी एक लहानसे चर्च उभारले. त्याचबरोबर रुग्णालये काढून, समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरोग्यांच्या जखमा ते स्वतःच्या हातांनी धुऊ लागले.

अशी तीन वर्षे गेली. १५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात सान फेलिपे नावाचे एक मोठे स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोकडे जात असता वादळात सापडले आणि भरकटत जाऊन जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावर मौल्यवान माल खच्चून भरला होता. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी तो ताब्यात घेतला. त्या वेळी जहाजावरील एका खलाशाने आपल्या राजाच्या सामर्थ्याची प्रौढी मिरवली आणि आधी धर्मगुरू जातात व मागून सैन्य येते, असे काहीतरी तो बोलून गेला, असे सांगतात. ते शब्द हिदेयोशीच्या कानी गेले आणि त्याचा संताप अनावर झाला. हे साधू म्हणजे परक्या राजाचे हस्तक आहेत, असे त्याने मानले आणि त्यांना पकडण्याचा हुकूम सोडला.

हिदेयोशीच्या मनातील भीती सर्वस्वी निराधार होती, असे म्हणता येणार नाही. युरोपातील सत्ता व्यापाराच्या व धर्माच्या मागोमाग तलवार घेऊन अनेक देशांत शिरल्या होत्या. गोन्सालोंच्या जन्मभूमीतही तेच घडले होते. परंतु कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या या साधूंच्या हाती ना तलवार होती, ना त्यांच्या मनात राज्याचा लोभ. राजकारणातील संशयाची शिक्षा निरपराध माणसांना भोगावी लागली.

१५९६ च्या डिसेंबरात ब्रदर गोन्सालो व त्यांचे सोबती पकडले गेले. एकूण चोवीस जणांना मृत्युदंड ठरला. त्यांत फ्रान्सिसच्या पंथाचे सहा साधू होते. त्यांपैकी चौघे स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचे गोन्सालो. उरलेले सर्व जपानी होते. येशूसंघाचे पॉल मिकी व त्यांचे दोन सहकारी त्यांत होते. सुतार, स्वयंपाकी, वैद्य अशी साधी माणसे होती. तीन मुलेही होती. लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा, अँथनी तेरा वर्षांचा आणि थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा होता. थॉमसबरोबर त्याचे वडीलही कैदेत होते.

३ जानेवारी १५९७ या दिवशी क्योतो शहरात प्रत्येक कैद्याच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मग त्यांना गाड्यांत बसवून शहरातून फिरवण्यात आले. लोकांनी त्यांना पाहावे, भ्यावे आणि त्यांची विटंबना करावी, हा त्यामागील हेतू होता. ज्या स्पॅनिश साधूंना जपानी भाषा नीट समजत नव्हती, त्यांच्या कानांवरून गर्दीतील शब्द निघून गेले असतील. गोन्सालोंना मात्र त्यातील प्रत्येक शब्द कळत होता. ज्या भाषेवर त्यांनी लहानपणापासून प्रेम केले, त्याच भाषेत आज त्यांच्या मृत्यूचा हुकूम वाचला जात होता. तरीही त्यांनी त्या भाषेचा अथवा ती बोलणाऱ्या लोकांचा तिरस्कार केला नाही.

त्यानंतर मृत्यूचा लांबलचक प्रवास सुरू झाला. शिक्षा नागासाकी येथे द्यावयाची होती. तेथे ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती असल्याने त्यांना दहशत बसावी, असा विचार होता. क्योतोपासून नागासाकी सुमारे ८०० किलोमीटर दूर. ऐन हिवाळ्याचे दिवस, बोचरे वारे, वाटेत बर्फ, कापलेल्या कानाची ताजी जखम आणि अंगावर पुरेसे कपडे नाहीत, अशा स्थितीत हे कैदी जवळजवळ महिनाभर चालत होते. वाटेत दोन माणसे आपण होऊन त्यांची सेवा करीत बरोबर येत होती. पहारेकऱ्यांनी त्यांनाही कैद्यांत जमा केले. त्या दोघांनी तक्रार केली नाही. अशा रीतीने चोवीसांचे सव्वीस झाले.

वाटेतील एका मुक्कामी रात्री थॉमसने आपल्या आईला पत्र लिहिले. आईने दुःख करू नये आणि धाकट्या भावंडांची नीट काळजी घ्यावी, असे त्या मुलाने तिला कळवले होते. ते पत्र आईच्या हाती पडावयाचे होते. पण ते पुढे त्याच्या वडिलांच्या मृतदेहावर, रक्ताने माखलेले सापडले. त्यात कोणालाही शिव्याशाप नव्हते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी सर्व कैदी नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर पोहोचले. समुद्राकडे तोंड करून सव्वीस क्रूस तयार ठेवले होते. शिक्षेचा बंदोबस्त हानझाबुरो तेराझावा या अधिकाऱ्याकडे होता. लहानग्या लुईला पाहून त्याच्या मनात दया उपजली. धर्म सोडशील तर तुझा जीव वाचेल, असे त्याने मुलाला सुचवले. लुईने नम्रपणे नकार दिला आणि आपला क्रूस कोणता, एवढेच विचारले. अँथनी हा नागासाकीचाच. त्याचे आईवडील टेकडीवर येऊन आक्रोश करीत होते. त्याने त्यांचे सांत्वन केले, पण तोही मागे फिरला नाही.

कैद्यांना दोरांनी व लोखंडी कड्यांनी क्रूसांना जखडण्यात आले आणि क्रूस उभे करण्यात आले. एका ओळीत उभ्या असलेल्या त्या क्रूसांवरून भजनांचे सूर ऐकू येऊ लागले. सरदार घराण्यात जन्मलेले पॉल मिकी यांनी आपल्या क्रूसावरून जमलेल्या लोकांना उद्देशून भाषण केले. आपण स्वतः जपानीच आहोत आणि केवळ ख्रिस्ताचा धर्म सांगितल्याबद्दल आपल्याला मृत्यू येत आहे, असे त्यांनी सांगितले. ख्रिस्ताने शत्रूंना क्षमा करण्यास शिकवले आहे, म्हणून हिदेयोशीला आणि या शिक्षेस कारण झालेल्या सर्वांना आपण मनापासून क्षमा करीत आहोत, असेही ते म्हणाले. त्यांचे शब्द जणू सव्वीसही जणांचे शब्द होते. अखेरीस भालाईत पुढे सरसावले. दोन्ही बाजूंनी भाले खुपसले गेले आणि एकेकाचे प्राण शांतपणे निघून गेले. वसईच्या किनाऱ्यावर ज्याने पहिल्यांदा समुद्र पाहिला, त्या गोन्सालोंनी नागासाकीच्या समुद्राकडे पाहत देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय सुमारे चाळीस वर्षांचे होते.

शत्रूवर प्रेम करणे म्हणजे अन्याय मान्य करणे नव्हे. ब्रदर गोन्सालो आणि त्यांचे सोबती आपल्या श्रद्धेपासून तसूभरही ढळले नाहीत. एका शब्दाने जीव वाचत असताना बारा वर्षांच्या मुलानेही तो शब्द उच्चारला नाही. अन्यायापुढे मान न तुकवणे आणि अन्याय करणाऱ्याचा द्वेष न करणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. द्वेषाला द्वेषाने उत्तर दिले की द्वेष दुप्पट होतो. क्षमेने उत्तर दिले की तो तेथेच थांबतो. भित्रा मनुष्य क्षमा करू शकत नाही. तो केवळ गप्प बसतो. क्षमेला भाल्याहून अधिक बळ लागते.

ही शिकवण आपल्या महाराष्ट्राच्या मातीला परकी नाही. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनातील दुष्टपणा जावो आणि त्यांना सत्कर्माची आवड लागो, असे मागणे मागितले. गोन्सालो नागासाकीस वधस्तंभाकडे चालत होते, त्याच काळात गोदावरीच्या काठी पैठणास एकनाथ महाराज हयात होते. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसावर न रागावता नाथ पुन्हा पुन्हा गंगास्नान करून आले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. गोदावरीचा काठ आणि नागासाकीची टेकडी यांच्यामध्ये हजारो मैलांचे अंतर आहे. पण थोर अंतःकरणे एकाच जातीची असतात.

हिदेयोशी पुढच्याच वर्षी, १५९८ साली, मरण पावला. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर १६१४ साली कडक बंदी आली आणि ती १८७३ पर्यंत टिकली. तरीही अनेक जपानी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या गुप्तपणे आपली श्रद्धा जपली. १६२७ साली रोमच्या धर्मपीठाने या हुतात्म्यांना धन्य म्हणून घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले ख्रिस्ती संत होत. संतपदाच्या घोषणेला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा १९६२ साली निशिझाका टेकडीवर सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. त्यात वसईच्या गोन्सालोंचीही मूर्ती आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी ज्या नगरीवर अणुबाँब पडला, ती हीच नागासाकी. मानवी द्वेषाची परमावधी सोसलेल्या त्या नगरीत क्षमेचे हे स्मारक आज उभे आहे.

इकडे वसईतही त्यांची स्मृती जिवंत आहे. वसईच्या जुन्या किल्ल्यातील एक चर्च त्यांच्या नावाने ओळखले जाते. वसईतील एका महाविद्यालयालाही त्यांचे नाव दिलेले आहे. दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात त्यांचा सण साजरा होतो. त्या वेळी किल्ल्याच्या पडक्या भिंतींमध्ये भाविकांची गर्दी जमते. तलवारीच्या बळावर उभे राहिलेले पोर्तुगिजांचे ते वैभव केव्हाच लयास गेले. तटबंदीवर आज गवत उगवले आहे. परंतु हाती शस्त्र न घेता, वैऱ्याचेही कल्याण चिंतीत ज्याने प्राण दिले, त्या साध्या साधूचे नाव चारशे वर्षांनंतरही लोकांच्या ओठांवर आहे.

स्वाध्याय

१. गोन्सालो जपानला कसे गेले व तेथे त्यांनी कोणते काम केले?
२. व्यापारात यश मिळूनही गोन्सालोंनी तो का सोडला?
३. हिदेयोशीला साधूंचा संशय का आला? त्याची भीती सर्वस्वी निराधार नव्हती, असे पाठात का म्हटले आहे?
४. जपानी भाषा येत असल्यामुळे गोन्सालोंना अधिक दुःख सोसावे लागले, हे कसे?
५. शत्रूला क्षमा करणे आणि अन्यायापुढे मान तुकवणे यांतील फरक पाठातील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.